मालाड खाडी

मालाड खाडी ही मुंबई उपनगर जिल्ह्यातील, साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरबी समुद्राची खाडी आहे. वेसावे (वर्सोवा) आणि मढ या दोन कोळी गावांच्या मधून समुद्राचे पाणी तिच्यात शिरते आणि उत्तरेकडे मालाड, मालवणी व मार्वे यांच्या खाजणांपर्यंत पसरते. पूर्वेकडील टेकड्यांत उगम पावणारी ओशिवरा नदी, तिला मिळणारे ओढे आणि पोईसर नदीचे पाणी याच खाडीभागात येते. दिंडोशी, आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या टेकड्यांपासून खाडीच्या मुखापर्यंतचे सरळ अंतर अवघे सात-आठ किलोमीटर आहे. एवढ्या अरुंद पट्ट्यात डोंगर, भातखाचरे, मिठागरे, कांदळवन, वाळूचा किनारा आणि खुला समुद्र अशी भूरूपे एकापाठोपाठ येत असत. वारली, आगरी, भंडारी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती या समाजांच्या वस्त्या या भूरूपांच्या क्रमानुसारच वसल्या. त्यामुळे खाडीचा भूगोल आणि किनाऱ्यावरील लोकांचा इतिहास एकत्रच अभ्यासावे लागतात.

नाव आणि व्याप्ती

‘साष्टी’ हे नाव सहासष्ट गावे या अर्थाच्या ‘षट्‌षष्टी’ या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. आज साष्टी एकसंध भूभाग दिसत असला, तरी तिच्या पश्चिम कडेला जुहू, वेसावे, मढ, मार्वे आणि धारावी (उत्तन-गोराईचे बेट; मध्य मुंबईतील धारावी वस्ती नव्हे) अशी लहान बेटे होती. भरतीच्या वेळी ही बेटे पाण्याने वेगळी होत आणि ओहोटीच्या वेळी चिखलाच्या पट्ट्यांनी साष्टीशी जोडली जात. भराव, बांध व रस्ते यांमुळे यांतील बहुतेक बेटे मुख्य भूमीला जोडली गेली. मढला आज रस्त्याने जाता येते, परंतु ‘मढ बेट’ हा शब्दप्रयोग लोकांच्या बोलण्यात टिकून आहे.

खाडीभोवतीच्या अनेक स्थलनामांत जुन्या किनाऱ्याची खूण सापडते. मालाड पश्चिमेचे ‘चिंचोली बंदर’ आज इमारतींनी वेढलेले आहे, पण ‘बंदर’ हा शब्द तेथपर्यंत होड्या येत असल्याचे सांगतो. मार्वे मार्गावरील ‘मीठ चौकी’ मिठाच्या वाहतुकीवरील नाक्याची आठवण देते. ‘खार’ म्हणजे भरतीचे खारे पाणी पोहोचणारी किंवा बांध घालून त्यापासून राखलेली जमीन आणि ‘खाजण’ म्हणजे कांदळवनाची दलदल. हे दोन्ही शब्द उत्तर कोकणातील स्थलनामांत आणि महसुली नोंदींत वारंवार आढळतात.

दिंडोशी हे या पाणलोटाच्या वरच्या टोकाचे, मालाड व गोरेगाव यांच्या पूर्वेस टेकड्यांच्या पायथ्याशी असलेले जुने महसुली गाव आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर त्याच्या नावाने विधानसभेचा मतदारसंघही अस्तित्वात आला. दिंडोशीची गणना किनाऱ्यावरील गावांत होत नाही, तथापि तेथील टेकड्यांवर पडणारे पावसाचे पाणी अखेर मालाड खाडीतच येते.

भूरचना

साष्टीचा बहुतांश भाग दख्खनच्या पठाराप्रमाणेच लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. मात्र मालाड, मढ, मनोरी व गोराई या पट्ट्यात ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे फिकट रंगाचे ज्वालामुखीय खडक आढळतात. ‘मालाड दगड’ या नावाने प्रसिद्ध असलेला पिवळसर दगड येथील खाणींतून काढला जात असे. मुंबई शहरातील अनेक ब्रिटिशकालीन इमारतींसाठी तो वापरला गेला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) हे त्याचे ठळक उदाहरण होय. शहराच्या उभारणीसाठी उपनगरांतील टेकड्या पोखरल्या गेल्या आणि पुढे अशाच खाणींच्या आसपास कामगारांच्या वस्त्या वाढल्या.

पूर्वेकडील टेकड्यांचा मोठा भाग सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबई उपनगरांतील चार प्रमुख नद्या याच टेकड्यांच्या परिसरात उगम पावतात. दहिसर नदी मनोरीच्या खाडीला आणि मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांतून निघून गोरेगावमार्गे मालाड खाडीत येते. पोईसर नदी कांदिवली व मालाड यांच्या भागातून वाहत मालाड-मार्वेच्या खाडीभागात पोहोचते. या नद्यांची लांबी काही किलोमीटरच आहे आणि उतार सुरुवातीला तीव्र, नंतर जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे जोराच्या पावसात टेकडीवरचे पाणी थोड्याच वेळात सखल भागात उतरते आणि तेथून पुढे सरकताना त्याचा वेग एकदम मंदावतो.

मढच्या पश्चिमेस खुला समुद्र असून एरंगळ, दाणापाणी आणि आक्सा हे वाळूचे किनारे त्या बाजूला आहेत. आक्साचा किनारा पाहण्यास शांत असला, तरी लाटांनी सरकणारी वाळू आणि ओहोटीच्या वेळी आत ओढणारे प्रवाह यांमुळे पोहणाऱ्यांसाठी धोकादायक मानला जातो.

भरती, ओहोटी आणि तिथीचा हिशेब

मुंबईच्या किनाऱ्यावर साधारणपणे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरती पूर्ण झाल्यापासून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि भरतीची वेळ दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जाते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एकाच रेषेत येऊन पाणी अधिक चढते व अधिक उतरते. त्यास ‘उधाण’ म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी होतो. त्यास ‘भांग’ म्हणतात.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता जो आकडा येतो, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी व मध्यरात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास भरती असते. हा हिशेब ढोबळ आहे. वारा, ऋतू आणि खाडीचा आकार यांनुसार प्रत्यक्ष वेळ मागेपुढे होते. तथापि घड्याळ व छापील तक्ते घरोघरी येण्यापूर्वी होड्या केव्हा सोडाव्यात, जाळी केव्हा लावावीत आणि शिंपल्या गोळा करण्यास केव्हा जावे, हे ठरवण्यास तो पुरेसा होता. चांद्र पंचांग कोळी समाजाच्या सणवारांबरोबरच त्याच्या दैनंदिन कामाचेही वेळापत्रक होते.

कांदळवन

खाडीच्या दोन्ही तीरांवर कांदळवनाचा पट्टा आहे. तिवर, कांदळ, चिपी, काजळा आणि मारांडी या येथे आढळणाऱ्या प्रमुख वनस्पती होत. त्यांत तिवराचे प्रमाण अधिक आहे. चिखलात हवा खेळत नसल्यामुळे तिवराची श्वसनमुळे जमिनीतून खुंटांप्रमाणे वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवेतील प्राणवायू शोषून घेतात. या मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो आणि मासळीच्या पिलांना आसरा मिळतो. कोळंबी, बोई, चिंबोरी आणि निवट्या या मासळीचा खाडीच्या या भागाशी निकटचा संबंध आहे. खुल्या समुद्रात मिळणाऱ्या काही मासळीचे बालपणही अशाच खाड्यांत जाते, त्यामुळे कांदळवन तुटल्याचा परिणाम दूर समुद्रात जाणाऱ्या होडीलाही जाणवतो.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यातील कांदळवनांची तोड आणि त्यांच्या परिसरातील बांधकाम यांस मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण कायम केले. राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीस राज्य कांदळवृक्षाचा दर्जा देण्यात आला.

इतिहास

प्राचीन आणि मध्ययुगीन काळ

खाडीच्या पाणलोटालगतच्या टेकड्यांत कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहातील शिलालेखांत कल्याण आणि सोपारा या बंदरांतील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख सापडतात. डोंगरातील विहार आणि खाडीकाठची बंदरे यांचा संबंध यावरून स्पष्ट होतो. एका लेखात दान दिलेल्या शेताच्या संदर्भात ‘मंगलठाण’ या गावाचे नाव येते. बोरिवलीजवळील मागाठाणे ते हेच, असे अभ्यासक मानतात. सुमारे सहाव्या शतकातील जोगेश्वरीची शैव लेणीही याच परिसरात आहेत.

शिलाहारांच्या सत्तेनंतर उत्तर कोकणात बिंब राजांचे राज्य आले, अशी परंपरा ‘महिकावतीची बखर’ या ग्रंथात नोंदलेली आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ती संपादित करून प्रसिद्ध केली. साष्टीतील गावे आणि तेथे येऊन वसलेली कुळे यांची माहिती देणारे साधन म्हणून तिला महत्त्व आहे. मात्र तिचे भाग वेगवेगळ्या काळांत रचले गेल्यामुळे त्यातील तपशील पारखूनच घ्यावे लागतात. त्यानंतर हा प्रदेश गुजरातच्या सुलतानांकडे गेला.

पोर्तुगीज आणि मराठे

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. साष्टीही त्यात होती. पुढील दोन शतकांत फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरूंनी येथे चर्च उभारली आणि किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, कुणबी आदी समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. मढजवळच्या एरंगळ येथील सेंट बोनाव्हेंचर चर्च सोळाव्या शतकातील आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांतही त्या काळात चर्च स्थापन झाले होते.

खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगिजांनी मढ येथे किल्ला बांधला. इतिहासाच्या साधनांत तो ‘वर्सोव्याचा किल्ला’ या नावानेही ओळखला जातो, त्यामुळे किल्ला वेसाव्याच्या बाजूस असल्याचा गैरसमज होऊ शकतो. प्रत्यक्षात तो समोरच्या तीरावर आहे. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई बेट इंग्लंडकडे गेले, परंतु साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. माहीमची खाडी ही त्यानंतर दोन सत्तांमधील सरहद्द ठरली.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टीचा मोठा भाग घेतला. १७३९ च्या मोहिमेत वेसावे आणि धारावी येथील किल्लेही त्यांच्या हाती आले. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई जिंकली गेली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. मराठ्यांचा अंमल सुमारे पस्तीस वर्षे टिकला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीत प्रवेश केला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला.

ब्रिटिश काळ

साष्टी मुंबईला प्रथम रस्त्यांनी व नंतर लोहमार्गाने जोडली गेली. शीवचा बांधरस्ता १८०५ मध्ये पूर्ण झाला, तर माहीम व वांद्रे यांना जोडणारा बांधरस्ता १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १८६० च्या दशकात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग साष्टीतून गेला आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली. आजच्या गोरेगावच्या स्थानकाचे नाव त्या काळी ‘पहाडी’ होते.

लोहमार्गाने या परिसराची दिशाच बदलली. तोपर्यंत गावांची तोंडे खाडीकडे होती. भात, मीठ, गवत, दगड आणि मासळी बंदरांतून होड्यांनी जात असे. लोहमार्ग खाडीपासून दूर, उंचवट्यावरून गेला आणि बाजार, शाळा व नवी घरे स्थानकांच्या आसपास वाढू लागली. बंदरे मागे पडली. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातील अनेक कुटुंबे मोकळ्या हवेसाठी उपनगरांत आली. साष्टीतील ख्रिस्ती गावठाणांत दिसणारे अनेक क्रूस त्या साथीच्या काळात उभारलेले आहेत.

किनाऱ्यावरील समाज

कोळी

वेसावे, मढ आणि भाटी ही खाडीकाठची प्रमुख कोळी गावे आहेत. वेसावे हे मुंबईतील मोठ्या मासेमारी केंद्रांपैकी एक असून त्याची रचना बाजार गल्ली, मांडवी गल्ली, डोंगरी गल्ली, बुधा गल्ली अशा गल्ल्यांत झालेली आहे. गल्ली हा केवळ रस्ता नसून सण, वर्गणी आणि गावाचा कारभार यांचे ते एकक आहे. हिंगळादेवीचे मंदिर हे गावाचे श्रद्धास्थान आहे.

येथील पारंपरिक मासेमारीत ‘डोल’ या जाळ्यास मध्यवर्ती स्थान आहे. हे शंकूच्या आकाराचे, रुंद तोंडाचे आणि शेपटीकडे निमुळते होत जाणारे जाळे असते. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगर व बोयांना ते बांधले जाते. जाळे मासळीमागे जात नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळीला जाळ्यात आणतो. प्रवाह मंदावून पाणी उलट फिरण्यापूर्वी जाळे उचलावे लागते, अन्यथा पकडलेली मासळी बाहेर पडते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरदार असल्याने डोलीचे काम चालते आणि भांगाच्या दिवसांत जाळी दुरुस्त केली जातात. बोंबील, जवळा, मांदेली व कोळंबी ही डोलीची मुख्य मासळी होय. खाडीच्या आतील उथळ पाण्यात पाग आणि बोक्षी ही लहान जाळी वापरली जातात.

समुद्रात जाणे हे पुरुषांचे, तर मासळी निवडणे, सुकवणे, लिलावात घेणे आणि बाजारात विकणे हे स्त्रियांचे काम, अशी कामाची विभागणी आहे. त्यामुळे घराच्या रोख उत्पन्नाचा व्यवहार बहुधा स्त्रियांच्या हाती राहिला. ओहोटीच्या वेळी चिखलातून तिसऱ्या, कालवे व खेकडे गोळा करणे हेही मुख्यतः स्त्रियांचे काम होते. जिच्या घरी होडी नाही, तिलाही त्यातून मिळकत होत असे.

पावसाळा संपल्यावर बोंबील बांबूंच्या चौकटींवर टांगून उन्हात सुकवले जातात. त्यासाठी वारा खेळणारी मोकळी जागा लागते. होड्या ओढून ठेवणे, जाळी पसरणे आणि रंगरंगोटी यांसाठीही अशीच जागा लागते. ही जागा कोणा एकाच्या मालकीची नसून गावाच्या वहिवाटीची असते.

नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीच्या नव्या हंगामाचा आरंभ करण्याची प्रथा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या मासळीचा तो प्रजननकाळ असतो. राज्य शासनाकडूनही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. रूढी आणि कायदा या ठिकाणी एकाच दिशेने जातात.

ईस्ट इंडियन

पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. नोकरीनिमित्त मुंबईत येणाऱ्या गोवा व मंगळूर येथील ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, येथील मूळ रहिवासी आहोत, हे दर्शवणे हा त्यामागील हेतू होता. मढ, एरंगळ, मार्वे, मनोरी आणि गोराई या पट्ट्यात त्यांची गावठाणे आहेत.

त्यांची बोली मराठीची असून तिच्यात पोर्तुगीज शब्द मिसळलेले आहेत. स्त्रियांचा पारंपरिक पोशाख लुगड्याचा आहे. लग्नापूर्वी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याच्या विधीस ‘उंबराचे पाणी’ म्हणतात. धर्म बदलला, पण गाव, बोली, शेती व मासेमारीचे चक्र बदलले नाही, याची ही उदाहरणे होत. एरंगळच्या चर्चची जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरते आणि तिला अन्य धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने जातात.

आगरी, भंडारी आणि वारली

आगरी समाज खारजमिनीतील भातशेती आणि मिठागरे यांच्याशी जोडलेला आहे. खाडीचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालून त्यांत उघाड्या बसवल्या जात. ओहोटीच्या वेळी उघाडी उघडून पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडले जाई आणि भरतीच्या वेळी ती बंद करून खारे पाणी थोपवले जाई. मिठागरांत याच्या उलट, उधाणाचे पाणी मुद्दाम आत घेऊन उन्हात आटवले जाई. दोन्ही कामांसाठी भरतीचे गणित आणि बांधांची सामूहिक देखभाल आवश्यक होती. भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय ताडमाडांपासून ताडी-माडी काढण्याचा होता.

टेकड्यांवर, आरे आणि राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांत, वारली व अन्य आदिवासी समाज राहतात. जंगलातील भाज्या, लाकूडफाटा आणि पावसाळी शेती हा त्यांच्या जीवनाचा आधार होता. आरे दुग्धवसाहतीचे उद्घाटन १९५१ मध्ये झाले आणि गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये स्थापन झाली, तेव्हाही हे पाडे तेथे होते.

नागरीकरण

१९५० मध्ये अंधेरी व जोगेश्वरीपर्यंतचा भाग आणि १९५७ मध्ये मालाड, बोरिवली व दहिसरपर्यंतचा भाग बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप, गोराई व मालवणी येथे लहान भूखंडांच्या वसाहती उभारल्या गेल्या. त्याच काळात अंधेरीच्या पश्चिमेकडील दलदलीवर लोखंडवाला संकुल उभे राहिले. चिंचोली बंदर परिसरातील कचराभूमीच्या जागी पुढे कार्यालयांची संकुले झाली. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती.

या वाढीत टेकडी आणि खाजण या दोन्ही ठिकाणी बदल झाला. टेकडीवरील झाडी कमी होऊन उतारांवर वस्ती झाली, तर खाजणावर भराव पडला. नद्या भिंतींमध्ये अरुंद झाल्या आणि सांडपाणी वाहून नेऊ लागल्या. पूर्वी पावसाचे पाणी जेथे काही तास थांबून ओहोटीची वाट पाहत असे, ती जागाच उरली नाही.

पूर

जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आल्यास नद्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि ते मागे फुगते. समुद्राची पातळी साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरतीच्या दिवशी महापालिका म्हणूनच विशेष सावधगिरीचा इशारा देते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर शासनाने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. नद्यांची पात्रे व नाले यांवरील अडथळे हा त्यानंतरच्या चर्चेचा प्रमुख विषय ठरला.

संकट केवळ सखल भागापुरते मर्यादित नाही. १ व २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मुसळधार पावसात मालाड पूर्वेच्या कुरार भागातील पिंपरीपाडा येथे जलाशयाची संरक्षक भिंत उतारावरील झोपड्यांवर कोसळून अनेकांचा मृत्यू झाला. खाडीकाठी पाणी साचून होणारे नुकसान आणि टेकडीवर पाण्याच्या लोंढ्याने होणारा विनाश ही एकाच पाणलोटाची दोन टोके आहेत.

गावठाण, कोळीवाडे आणि कायदा

महसुली गावात वस्तीसाठी राखलेली जागा म्हणजे गावठाण. ब्रिटिशकालीन मोजणीत शेतजमिनींची नोंद सारा आकारण्यासाठी काळजीपूर्वक झाली. मासळी सुकवण्याची व होड्या ठेवण्याची जागा मात्र शेती नसल्यामुळे बहुधा सरकारी किंवा पडीक म्हणून गणली गेली. पुढे नगररचनेच्या नकाशांवर अशी जागा ‘मोकळी’ दिसू लागली. समुद्रातील खुंट रोवण्याच्या जागा आणि नौका नांगरण्याचे ठिकाण यांवर तर वहिवाटीखेरीज अन्य पुरावाच नसतो.

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढली. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी विशेष तरतूद करण्यात आली. विकास आराखड्यात किंवा शासकीय नोंदींत असलेल्या कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळे क्षेत्र म्हणून गणावे, असे त्यात म्हटले होते. २०१९ मध्ये नवी अधिसूचना निघाली. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे काम त्यानंतरही टप्प्याटप्प्याने चालू राहिले. त्यातील कळीचा प्रश्न असा की सीमारेषा केवळ घरांभोवती काढायची, की सुकवणीची जागा, जाळी विणण्याचे ओटे आणि होड्यांचा किनाराही तिच्या आत घ्यायचा. पहिल्या पद्धतीने घरे राहतात, पण त्या घरांचा व्यवसाय सीमेबाहेर जातो.

सद्यस्थिती

मढ व वेसावे यांच्या दरम्यान प्रवासी होडी चालते. होडीने काही मिनिटांत पार होणारे हे अंतर मालाडमार्गे रस्त्याने वीस किलोमीटरहून अधिक भरते. या ठिकाणी पूल बांधण्याचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे. वेसाव्यापासून उत्तरेस दहिसर व भाईंदरकडे जाणारा किनारी मार्गही नियोजित आहे. या कामांमुळे प्रवासाचा वेळ वाचेल. दुसऱ्या बाजूस कांदळवनाची तोड, खाडीमुखाशी साचणारा गाळ आणि पुलाच्या खांबांमधून नौका नेण्यास मिळणारी रुंदी हे मच्छीमारांच्या चिंतेचे विषय आहेत. वरळी येथे मुंबई किनारी रस्त्याच्या बांधकामात याच मुद्द्यावर कोळी समाजाने दीर्घकाळ आग्रह धरला. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस नौकामार्गावरील दोन खांबांतील अंतर साठऐवजी एकशेवीस मीटर ठेवण्याचा निर्णय झाला.

खाडीचे पाणी सांडपाण्यामुळे दूषित झाले आहे. मालाड येथे दररोज ४५४ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला आहे. वेसाव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०१५ पासून स्वच्छता मोहीम चालली. या कार्यासाठी २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणविषयक सन्मान मिळाला. मार्च २०१८ मध्ये या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले आढळली. तथापि किनाऱ्यावर येणारा कचरा बव्हंशी नद्या व नाल्यांतून खाडीत उतरतो. त्यामुळे केवळ वाळू साफ करून हा प्रश्न सुटत नाही.

वेसाव्याच्या होड्यांचे भवितव्य दिंडोशीच्या उतारावरील झाडी, ओशिवरा नदीचे पात्र, मालवणीचे तिवर आणि गावाच्या सुकवणीच्या जागेची सरकारी दप्तरातील नोंद या चारही गोष्टींवर अवलंबून आहे. यांचे नियोजन आज वेगवेगळ्या खात्यांकडे आणि वेगवेगळ्या नकाशांवर होते. पाणलोट मात्र एकच आहे. खाडीकाठच्या समाजांनी तिथी, भरती, बांध व वहिवाट यांच्या आधारे या पाणलोटाचा उपयोग पिढ्यानपिढ्या एकत्रित रीतीने केला होता.